चंद्रासाठी शिवलेला पोशाख

१४ डिसेंबर १९६६ रोजी ह्यूस्टनच्या मॅन्ड स्पेसक्राफ्ट सेंटरमधल्या एका निर्वात टाकीत जिम लेब्लँक नावाचा तंत्रज्ञ अंतराळपोशाख घालून उभा होता. चाचणी नेहमीची होती. टाकीतली हवा पंपांनी ओढून काढायची, चंद्रावर असते तशी पोकळी आत तयार करायची आणि पोशाख कसा निभावतो ते पाहायचं. पण चाचणी चालू असताना पोशाखात दाब राखणारी नळी सांध्यातून निसटली. काही क्षणांत आतला दाब जवळजवळ शून्यावर आला. लेब्लँक डगमगला आणि मागच्या मागे कोसळला. शुद्ध हरपायला त्याला जेमतेम चौदा सेकंदं लागली. त्याआधी जिभेवरची लाळ बुडबुडे येऊन उकळत असल्याचं त्याला जाणवलं आणि तीच त्याची शेवटची आठवण ठरली. बाहेरच्यांनी घाईघाईनं टाकीत हवा सोडली, माणसं आत धावली आणि लेब्लँक वाचला. त्रास म्हणाल तर कान दुखला, एवढाच.

ती लाळ तापून उकळली नव्हती. भोवतालचा दाब उतरला की पाणी कमी तापमानाला उकळू लागतं आणि दाब शून्याजवळ गेला की अंगाची ऊबही त्याला पुरते. आपल्या अंगाच्या दर चौरस इंचावर हवेचं सुमारे १४.७ पौंड ओझं सतत असतं, आणि आपलं शरीर त्याच ओझ्याखाली चालायला घडलेलं आहे. चंद्रावर ते ओझं नाही. म्हणून अंतराळपोशाखाचं पहिलं काम म्हणजे माणसाभोवती थोडीशी पृथ्वी राखणं. अपोलोच्या पोशाखात दाब ठेवला होता फक्त ३.७ पौंडांचा, समुद्रसपाटीच्या साधारण एक चतुर्थांश. पण आत साधी हवा न भरता निव्वळ प्राणवायू भरलेला असल्यानं तेवढ्यावर फुप्फुसांचं भागत असे.

मग दाब आणखी का वाढवला नाही? कारण दाब वाढला की पोशाख ताठरतो. याचा धडा १८ मार्च १९६५ रोजी अलेक्सी लिओनोव्हला मिळाला. अंतराळयानाबाहेर पडलेला तो पहिला माणूस. बाहेर होता बारा मिनिटं. तेवढ्यात त्याचा पोशाख असा फुगला की बोटं हातमोज्यांच्या टोकांपासून मागे सरली, पाय बुटांतून सुटले आणि परत आत शिरणं अशक्य झालं. शेवटी त्यानं स्वतःच झडप उघडून पोशाखातला दाब उतरवला आणि कसाबसा आत आला. पुढच्या वर्षी जूनमध्ये जेमिनी-९ मोहिमेत जीन सर्नन दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहिला. त्याचा पोशाख आत खेळणाऱ्या वायूनं थंड ठेवायची सोय होती. ताठर पोशाखाशी झुंजताना सर्नन इतका घामाघूम झाला की शिरस्त्राणाच्या काचेवर आतून वाफ धरली आणि त्याला समोरचं दिसेना. नाकाचा शेंडा काचेवर घासून त्यानं डोळ्यापुरती जागा साफ केली.

याचा अर्थ उघड होता. नुसता दाब राखणारा पोशाख हवाच, पण त्यात माणसाला वाकता, चालता, हातोडा मारता आला पाहिजे आणि घामात बुडून न जाता हे सगळं तासन्‌तास जमलं पाहिजे. या प्रश्नाचं उत्तर डेलावेअर राज्यातल्या डोव्हर गावच्या शिलाई मशीनवर मिळालं.

डोव्हरमध्ये इंटरनॅशनल लॅटेक्स कॉर्पोरेशन नावाची कंपनी होती. अमेरिकेच्या घराघरांत ती ओळखली जाई प्लेटेक्स या नावानं. बायकांच्या ब्रेसियर, कंबरपट्टे, बाळांच्या लंगोटांवर घालायच्या रबरी चड्ड्या हा तिचा माल. कंपनीची एक लहानशी शाखा हवाई दलासाठी दाबपोशाखांचे प्रयोग करत असे. लेन शेपर्ड हा तिथला प्रमुख माणूस, आणि त्याचा आधीचा धंदा होता टीव्ही दुरुस्तीचा. विमानं नि क्षेपणास्त्रं बनवणाऱ्या बड्या कंपन्यांच्या पंगतीत ही मंडळी कशी दिसत असतील याची कल्पना करावी.

१९६२ मध्ये नासानं एक जुळणी लावून दिली. पोशाख आवडला होता लॅटेक्सवाल्यांचा, कारभार आवडला होता कनेटिकटच्या हॅमिल्टन स्टँडर्डचा. म्हणून मुख्य कंत्राट हॅमिल्टनला आणि त्यांच्या हाताखाली डोव्हरची कंपनी. असली सोयरीक टिकत नाही. हॅमिल्टनच्या अभियंत्यांना वाटे, या शिवणकाम करणाऱ्यांना शिस्त नाही, नोंदी नाहीत. डोव्हरवाल्यांना वाटे, यांना पोशाख कळत नाही. १९६५ मध्ये हॅमिल्टननं डोव्हरला बाजूला सारलं आणि बी. एफ. गुडरिचच्या मदतीनं स्वतःचा पोशाख पुढे आणला.

तरी डोव्हरच्या मंडळींनी नासाकडून एक संधी मिळवली. त्याच वर्षी ह्यूस्टनमध्ये तीन पोशाखांची आमनेसामने परीक्षा ठरली: हॅमिल्टन-गुडरिचचा एक, जेमिनीचे पोशाख बनवणाऱ्या डेव्हिड क्लार्क कंपनीचा दुसरा आणि डोव्हरचा तिसरा. तयारीला हाताशी होते सुमारे सहा आठवडे. परीक्षेत डेव्हिड क्लार्कच्या पोशाखाचं शिरस्त्राण दाबाखाली उडालं. हॅमिल्टनच्या पोशाखाचे खांदे इतके रुंद निघाले की तो घालून यानाच्या दारातून परत आत शिरता येईना. म्हणजे चंद्रावर उतरायचं आणि तिथंच राहायचं! डोव्हरचा पोशाख बावीसपैकी बारा कसोट्यांत पहिला आला. नासानं आता त्यांच्याशी थेट करार केला. हॅमिल्टनकडे राहिली पाठीवरची जीवरक्षक पेटी, आणि तिचंही मोल पुढे कळणारच होतं.

डोव्हरचा पोशाख जिंकला तो सांध्यांमुळे. हवा भरलेली नळी वाकवायला गेलं की आतली जागा कमी होते, हवा दाबली जाते आणि नळी परत सरळ व्हायला पाहते. कोपर वाकवायचं म्हणजे दर वेळी त्या दाबाशी कुस्ती. डोव्हरच्या लोकांनी कोपर, खांदा, गुडघा, घोटा या जागी रबराच्या चुण्या घातल्या. हात वाकला की एका बाजूच्या चुण्या मिटतात, दुसऱ्या बाजूच्या उघडतात आणि आतलं आकारमान जवळजवळ तेवढंच राहतं. या चुण्या साच्यावर द्रव रबराचे एकावर एक थर चढवून घडवायच्या. ते काम कंबरपट्टे बनवणाऱ्यांच्या हातात आधीपासूनच बसलेलं होतं. चुण्या फुगून फुटू नयेत म्हणून वर नायलॉनचं जाळीदार कापड आणि बाजूनं तारा. पोशाख किती लवचीक आहे हे नासाला दाखवायला कंपनीनं एक फिल्मही काढली होती. तीत पोशाख घातलेला माणूस मैदानावर चक्क अमेरिकन फुटबॉल खेळताना दिसतो.

पण खरी कसोटी शिवणाऱ्या हातांची होती. एलेनॉर फोरेकर, हेझल फेलोज आणि त्यांच्यासारख्या बायका प्लेटेक्सच्या नेहमीच्या मालाच्या रांगेतून इथं आल्या. मशीन तीच, सिंगरची. नियम मात्र असे की आधीचं सगळं शिवणकाम खेळ वाटावं. शिवण ठरल्या रेघेपासून इंचाच्या बत्तिसाव्या भागापेक्षा जास्त हलता कामा नये. घरच्या कपड्यात टीप वाकडी गेली तर उसवून पुन्हा मारता येते, पुढेमागे सैल करायला आत माया ठेवता येते. इथं दोन्ही नाही. सुईचं प्रत्येक भोक म्हणजे हवा निसटायची वाट, म्हणून दाब राखणाऱ्या थराच्या शिवणी रबरी डिंक आणि पट्ट्या लावून बंद करायच्या. केसाहूनही पातळ, चांदीसारखा चमकणारा मायलार बोटांखालून निसटायचा. असे एकूण एकवीस थर, एकात एक बसणारे. म्हणजे आतला थर बाहेरच्यापेक्षा अगदी मोजका लहान बेतायचा. वळणाच्या जागी पायाखालच्या पट्टीला हलकासा दाब देऊन एकेक टाका घ्यायचा.

टाचणी हा तर जिवाचा विषय. एकवीस थर टाचण्यांशिवाय जुळवायचे कसे? आणि एखादी टाचणी आत राहून गेली तर चंद्रावर ती दाबाच्या थरात घुसणार. एकदा तयार पोशाखात टाचणी सापडली तेव्हा टाचण्यांचा हिशेब ठेवायला सुरुवात झाली आणि कारखान्यात चक्क क्ष-किरण यंत्र आलं. दवाखान्यात हाडं तपासतात तसे पोशाख तपासले जाऊ लागले.

नासाला याहून जास्त हवे होते कागद. प्रत्येक तुकड्याचा आराखडा, प्रत्येक टप्प्याची नोंद, प्रत्येक मालाचा उगम. रॉकेटच्या इंजिनाला लावतात ती शिस्त चड्डीसारख्या शिवलेल्या वस्तूला कशी लावायची, यावर बरीच वादावादी झाली. आराखड्यात बरोबर दिसणारी गोष्ट कापडात बसत नसे, कारण कापड ओढल्यावर ताणतं आणि रबर दिवसागणिक थोडं वेगळं वागतं. कागद छान आहे पण मला कागद शिवायचा नाही, अशा अर्थाचं एका कारागीर बाईचं उत्तर पुढे बऱ्याच जणांनी सांगितलं. मला विचाराल तर दोन्ही बाजूंचं चुकत नव्हतं. माणूस मेला तर कुठला टाका कुणी घातला होता हे शोधता यायला हवं, हे नासाचं म्हणणं रास्त होतं. पण तो टाका मुळात घालायचा कसा, हे कुठल्याच कागदावर लिहिता येण्यासारखं नव्हतं.

प्रत्येक अंतराळवीराची मापं घेऊन त्याच्यासाठी तीन पोशाख शिवले जात: एक सरावाचा, एक उड्डाणाचा, एक राखीव. हातमोजे त्याच्याच हाताच्या साच्यावर घडवायचे, बोटांच्या टोकांना निळ्या सिलिकॉन रबराच्या टोप्या, म्हणजे दगड उचलताना बोटांना काही तरी कळेल.

२७ जानेवारी १९६७ रोजी केप केनेडीत जमिनीवरच्या सरावात अपोलो-१ च्या कुपीत आग लागली. गस ग्रिसम, एड व्हाइट, रॉजर चॅफी तिघंही गेले. त्यानंतर पोशाखाच्या बाहेरचं नायलॉन चालणार नव्हतं. त्याजागी बीटा कापड आलं, काचेच्या अतिसूक्ष्म तंतूंचं. ते जळत नाही आणि ६५० अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. पण काच ती काच. तंतू घड्यांवर तुटतात, अंगाला खाजवतात. म्हणून तंतूंवर टेफ्लॉन चढवला. शिवणाऱ्यांच्या नशिबी आणखी एक अवघड माल आला. हातमोज्यांवर आणि बुटांवर, जिथं घासणं जास्त, तिथं पोलादी तारांचं विणलेलं कापड लागलं.

उरला प्रश्न सर्ननच्या घामाचा. निव्वळ वायूनं माणूस थंड होत नाही हे स्पष्ट झालं होतं. मार्ग सापडला इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये झालेल्या कामातून: अंगाला घट्ट बसणारी जाळीदार बंडी-चड्डी आणि तिच्यात ओवलेल्या बारीक प्लास्टिक नळ्या, सगळ्या मिळून सुमारे नव्वद मीटर. नळ्यांतून थंड पाणी फिरायचं, अंगाची उष्णता उचलून पाठीवरच्या पेटीकडे जायचं. तिथं ते परत थंड करण्याची हॅमिल्टनची युक्ती मला या साऱ्या गोष्टीतली सर्वांत देखणी वाटते. वेगळ्या साठ्यातलं थोडं पाणी निकेलच्या सच्छिद्र पत्र्यातून बाहेर झिरपू द्यायचं. बाहेर पोकळी असल्यानं ते तिथल्या तिथं गोठून बर्फाचा थर धरतं आणि मग तो बर्फ पाणी न होता थेट वाफ होऊन उडून जातो. उडताना उष्णता सोबत नेतो. उन्हाळ्यात माठातलं पाणी गार होतं ते याच तत्त्वावर, फक्त इथला माठ पृथ्वीवर चाललाच नसता. त्याला पोकळी लागते. बर्फकपाट, कॉम्प्रेसर काहीही न लावता केवळ काही लिटर पाण्यावर माणूस उन्हात राबू शकला.

त्याच पेटीत प्राणवायूची टाकी होती, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारा लिथियम हायड्रॉक्साइडचा डबा होता, रेडिओ होता, बॅटरी होती. पेटीच्या डोक्यावर अर्ध्या तासाचा आणीबाणीचा प्राणवायू. डोक्यावर पॉलिकार्बोनेटचा गोल पारदर्शक बुडबुडा आणि त्यावर सोन्याचा पातळ मुलामा असलेली काच, कारण वातावरणाच्या आडोशाशिवायचं ऊन डोळ्यांना सोसत नाही. सगळं मिळून पृथ्वीवर सुमारे ऐंशी किलो. चंद्रावर त्याचा भार जेमतेम चौदा किलोएवढा.

२० जुलै १९६९ रोजी नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन चंद्रावर चालले ते अडीच तास. सारं जग टीव्हीसमोर हरखून गेलं होतं, तेव्हा पोशाख बनवणारे मात्र घाबरून बसले होते. कसं चालणं सोयीचं पडतं हे पाहायला ऑल्ड्रिन उड्या मारत, धावत कॅमेऱ्यासमोर फिरू लागला. तेव्हा ह्यूस्टनमध्ये बसलेल्या डोव्हरच्या सनी रीमना तो कधी एकदा शिडी चढून आत जातो असं झालं होतं. आत शिरताना पोशाखानं नाही, पण त्या ढोल्या पेटीनं बहुधा एक घोटाळा केला. यानातल्या एका विद्युत खटक्याचं बोंड तुटलं, आणि तोच खटका चंद्रावरून निघायचं इंजिन तयार करण्याचा होता. ऑल्ड्रिननं स्केच पेनाचं टोक घालून तो दाबला. निघण्याआधी वजन कमी करायला दोघांनी पाठीवरच्या पेट्या बाहेर फेकून दिल्या. त्यांनीच तिथं ठेवलेल्या भूकंपमापकानं त्या पडल्याची नोंद केली.

पोशाखाचा खरा शत्रू निघाली धूळ. चंद्रावर वारा नाही, पाणी नाही, म्हणून तिथले कण कधी घासून गोलसर होत नाहीत; ते काचेच्या कचऱ्यासारखे धारदार राहतात आणि विजेच्या भारानं कापडाला चिकटतात. चार महिन्यांनी अपोलो-१२ चा पीट कॉनरॅड पहिल्या फेरीनंतर आत आला तेव्हा त्याच्या पोशाखातून मिनिटाला ०.१५ पौंड दाब गळत होता. दुसऱ्या फेरीनंतर ०.२५. मर्यादा होती ०.३०. तिसरी फेरी ठरलेलीच नव्हती हे त्याचं नशीब. पुढच्या मोहिमांत बुटांवरचं कापड झिजलं, चेन अडकल्या, हातमोज्यांची कडी फिरेना.

१९७१ पासून चंद्रावर फिरायला गाडी आली आणि पोशाख बदलला. कंबरेला सांधा आला म्हणजे बसता येईल, पाठीतली चेन तिरकी झाली, पेटी सात-आठ तास पुरू लागली. काम वाढलं तशी दुखापतही. अपोलो-१५ च्या डेव्ह स्कॉटला बोटांच्या टोकांना हातमोजा घट्ट हवा होता. बाह्या त्यानं मुद्दाम आखूड करवून घेतल्या होत्या. तीन फेऱ्यांत हातमोज्यांच्या टोकांनी त्याची नखं मुळापासून उचलली. तरी तो कामाला थांबला नाही.

एप्रिल १९७२ मध्ये अपोलो-१६ च्या चार्ली ड्यूकनं शेवटच्या फेरीत मजेत उंच उडी मारायचं ठरवलं. उडी चांगली गेली, पण पाठीवरच्या पेटीनं तोल मागे ओढला आणि तो उताणा पडला, थेट जीव राखणाऱ्या यंत्रावर. पडताना आपण आता मरणार असं वाटल्याचं त्यानं नंतर अनेकदा सांगितलं. जमिनीवर आदळल्यावर त्यानं श्वास रोखून कान दिले. पंप चालू होता. बाकी सगळं शाबूत होतं.

त्या डिसेंबरात जीन सर्नन पुन्हा अंतराळात होता, आता चंद्रावर, आणि काचेवर वाफ धरत नव्हती. त्याच्या नडगीच्या खिशातला हातोडा अडकून गाडीचं चिखलरोधक तुटलं आणि मागच्या चाकानं उडवलेली धूळ त्याच्यावर आणि सोबतच्या हॅरिसन श्मिटवर पावसासारखी पडू लागली. काळवंडलेला पोशाख ऊन परतवायचं सोडून शोषू लागतो, म्हणून हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चार नकाशे चिकटपट्टीनं जोडून नवं चिखलरोधक केलं. सर्नन आणि श्मिट तीन फेऱ्यांत बावीस तास बाहेर राबले. चंद्रावर चाललेल्या बारा माणसांपैकी एकाचाही पोशाख दगा देऊन गेला नाही.

पोशाखांचं आयुष्य मात्र तेवढंच धरलेलं होतं. रबर महिन्यांच्या हिशेबानं बनवलं होतं, दशकांच्या नाही. आर्मस्ट्राँगचा पोशाख ड्रायक्लीन करून अमेरिकाभर फिरवला, मग स्मिथसोनियनच्या संग्रहालयात ठेवला. तिथं आतलं रबर कडक होऊन तडकू लागलं, म्हणून २००६ मध्ये तो दर्शनी भागातून काढला. २०१५ मध्ये संग्रहालयानं लोकवर्गणी मागितली, ७ लाख डॉलरांहून अधिक जमले आणि १६ जुलै २०१९ रोजी तो पुन्हा लोकांसमोर आला, थंड आणि कोरड्या हवेच्या पेटीत.

आता चंद्रावर परत जायचं घाटत आहे. नासानं २०२२ मध्ये त्यासाठीच्या पोशाखाचं काम ॲक्सिअम स्पेस या कंपनीला दिलं आणि पुढच्या वर्षी ॲक्सिअमनं जोडीदार निवडला इटलीचा फॅशनवाला प्राडा. बातमी वाचून अनेकांना गंमत वाटली. डोव्हरचा इतिहास ज्यांना माहीत होता त्यांना फारशी वाटली नसावी. ऑक्टोबर २०२४ मध्ये मिलानमध्ये पोशाखाचा नमुना मांडला तेव्हा तो पांढराशुभ्र होता, कारण चंद्रावरचं ऊन परतवायला तोच रंग सोयीचा.